जैनबीची सुरी

जैनबी मुलाणीन भांडखोर होती असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. भांडखोर? अहो, ती बाई उभ्या जन्मात एकदाच भांडली. पण अशी भांडली, की धारूरच्या घाटाखालच्या साऱ्या गावांत तिच्यासमोर पुन्हा कुणाची बोलायची टाप झाली न्हाई. मी चंद्रभागा. तेव्हा नुकतीच लग्न होऊन या गावात आलते. माझी सासू बायडाबाई आणि जैनबी जीवाभावाच्या मैतरणी. त्यामुळं मी सांगते ते ऐकीव न्हाई, डोळ्यांनी बघितलेलं हाय.

निजामाचा अंमल होता. आमच्या वाडीत मुसलमानांची घरं थोडकीच, पण मुलाण्यावाचून गावाचं चालायचं न्हाई. बोकड असो की कोंबडं, मुलाण्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली तरच ते आमच्या चुलीवर चढायचं. हिंदूच्या घरचं असलं तरी तसंच. कावून, ते आमी कधी विचारलं न्हाई. आज्या-पणज्या करत आल्या, आमी करत होतो. त्या बदल्यात मुलाण्याला दर जनावरामागं मानेचा वाटा, सुगीला धान्य, आणि ओढ्याकाठचा जमिनीचा एक तुकडा. ह्यालाच मुलाणकी म्हणायचे. ती बापाकडून लेकाकडं चालत यायची.

जैनबीचा नवरा लाडले मुलाणी. देवमाणूस! नांगर धरलेला असला तरी बैल सोडून यायचा, हातपाय धुवायचा, जनावराला पाणी पाजायचा, मगच सुरी काढायचा. लोक म्हणायचे, "लाडले, कशाला पळत येतोस बाबा? सुरीवर फुंकर मारून दे, आमचं आमी कापू." तर हा नुसता हसायचा आणि स्वतःच जायचा.

ही फुंकरीची भानगड सांगते, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. लाडलेचा चुलतभाऊ मकदूम, शेजारच्या गावचा मुलाणी. दर बाजाराला वडवणीत चिंचेखाली पोतं टाकून बसायचा. बाया घरची सुरी घेऊन त्याच्याकडं जायच्या. हा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा, सुरीच्या पात्यावर फू करायचा आणि म्हणायचा, "घ्या, पुढच्या बाजारापर्यंत चालंल." एवढं केलं की आठवडाभर घरी त्या सुरीनं कापलेलं सगळं हलाल! कुणी त्याला अंडी द्यायचं, कुणी शेंगा. आमच्या गावच्या बायासुद्धा जायच्या. लाडलेची वाट बघत कोण बसतंय? बाजारातून मीठ आणायचं, मिरची आणायची आणि फुंकर आणायची, असा सगळा हिशोब.

मग मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. घरटी एक तरी माणूस नेलं त्या मेलीनं. आमच्या घरातून सासरे गेले, जैनबीच्या घरातून लाडले गेला. मागं ती आणि दोन लेकी. लेक न्हाई, दीर न्हाई. भावाकडं जावं तर भावजय आधीच दारात आडवी. मुलाणकीची जमीन सुटली तर त्या तिघींनी खायचं काय, हा सरळ प्रश्न होता. तरी जैनबी कुणापुढं रडली न्हाई. गप राहून जमीन राबत होती. पण मुलाण्याचं काम करायला गावात कुणी उरलं न्हाई. बोकडाला मकदूमला निरोप धाडायचा, आणि तो येईल तेव्हा येईल.

अशात एक दिवस आमचं शेरडू दरडीवरून कोसळलं. पाय मोडला, तोंडातून फेस यायला लागला. जीव जायच्या आत सुरी फिरली न्हाई तर मांस फेकून द्यायचं. माझा नवरा रामहरी मकदूमकडं धावला, तर तो कुठंतरी लग्नाला गेलता. सासू जैनबीच्या दारात गेली आणि म्हणाली, "जैनबी, तूच ये गं." जैनबी म्हणाली, "मी? अगं, मी बाईमाणूस." सासू म्हणाली, "मग काय झालं? नाव घ्यायला येतं न्हव तुला?"

जैनबी आत गेली. मग आढ्याला खोचलेली लाडलेची सुरी काढली, धार बघितली, हातपाय धुतले. शेरडाला पाणी पाजलं, त्याचं तोंड पश्चिमेला केलं. एका हातानं त्याचे डोळे झाकले, अगदी लाडले झाकायचा तसे. "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर," म्हणाली, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. पण हात थरथरला न्हाई तिचा. मटण गल्लीभर वाटलं. आसाराम म्हणून एक खादाड आमच्या शेजारी राहायचा, त्यानं तर दोनदा रस्सा मागून घेतला.

मकदूमला हे कळायचा अवकाश, तो तरातरा गावात आला. चावडीसमोर उभा राहून ओरडला, "हराम खाल्लं! सगळ्या गावानं हराम खाल्लं! बाईच्या हातचं कधी हलाल होतं व्हय?" झालं! गावात एकच गोंधळ. तो आसाराम, मटण पचवून दोन वेळा जेवून बसलेला, उठला आणि शेर-निवडुंगाच्या कुंपणामागं जाऊन घशात बोटं घालायला लागला. माझी सासू म्हणाली, "अरे मेल्या, ते मटण कवाच गेलं, आता काय आतडी काढतोस?" पण हसायची वेळ न्हवती. मकदूमचा डाव सगळ्यांना दिसत होता. त्याला आमच्या गावची मुलाणकी पाहिजे होती, ओढ्याकाठच्या जमिनीसकट.

त्रिंबक पाटील वाईट माणूस न्हवता, पण गावच्या अब्रूला लई जपायचा. तो म्हणाला, "पिराची कंदुरी तोंडावर आलीय. निम्मा गाव नवसाची बोकडं कापणार. धारूरचे, वडवणीचे पाहुणे येणार, सरकारी जवान येणार. ताटावरून एक जण जरी उठला तरी गावाचं नाक कापलं जाईल. कंदुरीच्या आत काय ते ठरलं पाहिजे. बाईच्या हातचं चालत नसंल, तर मुलाणकी मकदूमची."

त्या दिवशी मात्र जैनबी आमच्या चुलीपुढं बसून रडली. पदर तोंडात कोंबून रडली. लेकी भेदरून तिच्याकडं बघत होत्या. मग एकाएकी तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "बायडा, मकदूम म्हणतो हराम. पण मकदूम काय काझी हाय? मला काझीच्याच तोंडून ऐकायचंय. ते हराम म्हणाले तर सुरी ओढ्यात फेकून देईन. पण त्यांनीच म्हणायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच दोघी घाट चढून धारूरला गेल्या. काझीसाहेब म्हातारे, बोलताना खोकायचे. त्यांनी दाढी कुरवाळत सगळं ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "बेटी, इथं सांगितलं तर तिथं कुणी मानणार न्हाई. मीच येतो. चावडीवर सगळ्यांसमोर बोलू. मकदूमलाही बोलू दे." जैनबीनं विचारलं, "पण साहेब, तुमचं मन काय म्हणतं?" ते म्हणाले, "माझ्या मनाला कोण विचारतं? किताब काय म्हणते ते बघायचं."

घाट उतरून पायथ्याला आल्यावर जैनबी सासूला म्हणाली, "बायडा, चावडीच्या दिवशी गावातल्या बायांना बोलाव. आणि सगळ्यांना सांग, घरची सुरी कमरेला खोचून या." सासू म्हणाली, "अगं बाई, कापाकापी करायची व्हय मकदूमची?" जैनबी पहिल्यांदा हसली. लाडले गेल्यापास्नं तिचं हसू ऐकलंच न्हवतं, असं सासू घरी येऊन सांगत होती.

चावडीवर सारं गाव लोटलं. पुरुष पुढं, बाया निंबाखाली पदर घेऊन. मी सासूच्या मागं. मधे काझीसाहेब घोंगडीवर बसलेले, एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला मकदूम, नवा फेटा बांधून आलेला. जैनबी बायांच्या पुढं, डोक्यावरून ओढणी घेऊन.

मकदूमनं सुरुवात केली. "काझीसाहेब, बाईचं काळीज नाजूक. तिचा हात थरथरला, नस नीट तुटली न्हाई, तर?"

काझी म्हणाले, "हात कुणाचाही थरथरला तर ते वाईटच. पुरुषाचाही थरथरतो. हात थरथरतो का ते बघ, बाई हाय का पुरुष ते नको बघू."

"बाई महिन्याला अडचणीत असते. तेव्हा अल्लाचं नाव कसं घेणार?"

बायांमधे कुजबुज झाली. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. पण काझीसाहेब शांतपणे म्हणाले, "नमाज माफ हाय तिला तेव्हा. नाव घ्यायला मनाई न्हाई. तेव्हा कापलेलंही हलालच, हे आमच्या बुजुर्गांनी साफ सांगितलंय."

मकदूमचा आवाज चढला. "आजवर कुणी बाईनं कापलेलं ऐकलंय का?"

"मी ऐकलंय," काझी म्हणाले. "पैगंबरसाहेबांच्या वेळची गोष्ट. शेळ्या राखणारी एक पोर होती. कळपातली एक मरायला टेकली. पोरीनं धारेचा दगड घेतला आणि तिला हलाल केलं. लोकांना शंका आली, खावं का न खावं. ते पैगंबरसाहेबांना विचारायला गेले. त्यांनी सांगितलं, खा. आता बोल, ही शेळीची गोष्ट आणि बायडाबाईच्या शेरडाची गोष्ट, काय फरक? माझा निर्णय हाच. मुसलमान असावी, शुद्धीत असावी, नाव घेऊन कापावं. बस्स. जैनबीनं कापलेलं हलाल हाय."

मला वाटलं, जिंकलो! मी सासूचा हात दाबला. पण गाव लई वाईट बघा. कुणी हूं केलं न्हाई, कुणी चूं केलं न्हाई. माना खाली. मकदूमनं ते बरोबर हेरलं. तो गोड आवाजात म्हणाला, "किताब खरी, काझीसाहेब. तुमचा शब्द डोक्यावर. पण रिवाज म्हणून काही असतो की न्हाई? लोकांच्या गळ्याखाली उतरंल का? पाटील, तुमीच सांगा. पाहुणे जेवतील?"

पाटलानं घाम पुसला. "तसं बघितलं तर... काझीसाहेबांचं बरोबरच हाय, पण... लोकांच्या मनाचं काय?"

काझीसाहेब खोकत बसले. निर्णय देणं त्यांच्या हातात होतं, घास भरवणं न्हवतं. जैनबीची थोरली लेक माझ्या शेजारी उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. आता जमीन गेली, ह्या घर सोडून चालल्या, असंच वाटलं.

तेवढ्यात जैनबी पुढं झाली. ओढणी सावरली आणि म्हणाली, "काझीसाहेब, एक विचारू?"

मकदूम ओरडला, "चार पुरुषांत बाईचा आवाज!"

काझी म्हणाले, "विचार बेटी."

"मकदूमभाई, गेल्या बाजारी तुमी वडवणीहून येताना आमच्या गावात थांबलतात. ताराबाईच्या घरी जेवलात. कोंबडं होतं न्हव?"

"होतं. मग?"

"ते कोंबडं कापलं कुणी?"

मागून ताराबाईचा खणखणीत आवाज आला, "म्या कापलं! माझा नवरा तर रक्त बघून आडवा होतो. दुसरं कोण कापंल?"

एकच हशा उसळला. जैनबी थांबली न्हाई. मागं वळून म्हणाली, "बायांनो, दाखवा."

आणि काय सांगू तुमाला! निंबाखालच्या साऱ्या बायांनी कमरेच्या सुऱ्या काढून वर धरल्या. लहान, मोठ्या, गंजक्या, लाकडी मुठीच्या, मुठीला चिंधी बांधलेल्या. ऊन पडून सगळी पाती चमकायला लागली. पाटील घाबरून अर्धा उठला, "अगं बयांनो, दंगा करायला आलात काय?" माझी सासू ओरडली, "दंगा कशाचा? ह्या मकदूमच्या फुंकरीच्या सुऱ्या हायत! ह्यानंच फुंकल्या, आमीच चालवल्या, आणि ह्यो ताटावर बसून चापून खाऊन गेला! एका घरी न्हाई, घरोघरी!"

"तिथं सुरी फुंकलेली होती!" मकदूम किंचाळला.

जैनबी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज इतका मोठा हाय, हे मला त्या दिवशी कळलं. "म्हणजे लोखंडाला अल्लाचं नाव घेता येतं, मकदूमभाई, आणि माझ्या तोंडाला येत न्हाई?"

मकदूम काझीकडं बघतोय, पाटलाकडं बघतोय, कुणीच त्याच्याकडं बघंना. बाईच्या हातचं चालतं म्हणावं तर जैनबी जिंकली. चालत न्हाई म्हणावं तर ह्यानंच गावोगाव हराम वाटलं, आणि स्वतःही खाल्लं.

काझीसाहेब इतके हसले की त्यांना ढास लागली. पाटलानं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन ते एकदम कडक झाले. "मकदूम, नाव सुरीवर ठेवून देता येत न्हाई. ज्याच्या हातात सुरी, त्याच्याच तोंडात नाव पाहिजे, आणि त्याच वेळी पाहिजे. उद्यापासून चिंचेखाली बसलेला दिसलास तर माझ्याशी गाठ हाय." मग गावाकडं वळून म्हणाले, "तुमी इतकी वर्षं बायकांच्या हातचं खाताय. नाव न घेता कापलेलं गोड लागलं, आणि ही नाव घेऊन कापते तर घास अडकतो?"

"पण आमी मग काय खात होतो म्हणायचं?" आसारामनं काकुळतीला येऊन विचारलं.

"कोंबडं," माझी सासू म्हणाली.

पुन्हा हशा. आता पाटीलही हसला. उभा राहून त्यानं सांगितलं, "मुलाणकी जैनबीची. जमीन जैनबीची. कंदुरीला सुरी जैनबीची. ज्याला जेवायचं न्हाई त्यानं घरून भाकर बांधून आणावी."

माझ्या सासूनं जैनबीला जी मिठी मारली! दोघी रडतायत, हसतायत, काही कळंना. आणि हातातल्या सुऱ्यांचं भान कुणालाच न्हाई. मीच ओरडले, "अहो आत्याबाई, सुरी लागंल!"

कंदुरीच्या दिवशी पिराच्या निंबोणीखाली बोकडं ओळीनं बांधली होती. जैनबीनं पांढरं लुगडं नेसलं होतं. काझीसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "नवस कुणाला बोललात ते तुमचं तुमी बघा. सुरी फिरताना नाव एकाचंच." जैनबीनं पहिल्या बोकडाला पाणी पाजलं, डोळ्यांवर हात ठेवला, आणि म्हणाली, "बिस्मिल्ला! अल्लाहु अकबर!" आता हळू न्हाई. ओढ्यापलीकडं कापूस वेचणाऱ्या बायांनी वाकलेल्या माना वर केल्या. एकेक बोकड झालं, सुरी एकदाही अडखळली न्हाई. लाडले असता तर त्याची छाती फुगली असती.

पंगत बसली. सरकारी जवानांचा जमादार ताटाकडं बघून जरा घुटमळला. काझीसाहेबांनी पहिला घास घेतला, चावला, आणि म्हणाले, "मीठ कमी हाय. बाकी सगळं बरोबर." मग काय, पंगत तुटून पडली. मकदूम लांब एका झाडाखाली उभा होता. पाटलानं दंडाला धरून त्याला आणून बसवलं. तो मान खाली घालून जेवला, पण नळी चोखल्याशिवाय उठला न्हाई. आसारामनं रस्सा दोनदा मागितला. पाटलानं मानेचा वाटा स्वतः केळीच्या पानात बांधला आणि लोकांदेखत जैनबीच्या हातात दिला. तिच्या थोरल्या लेकीच्या अंगावर चांगलं मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं मला त्या दिवशी.

त्यानंतर जैनबीनं हयातभर मुलाणकी केली. त्याच जमिनीवर दोन्ही लेकींची लग्नं केली. आसपासच्या गावांतूनही बोलावणं यायचं. वडवणीच्या चिंचेखाली पुढं एक चपलावाला बसायला लागला.

मकदूम मात्र बरीच वर्षं तिच्याशी बोलला न्हाई. मग त्याला नातू झाला. बारशाला बोकड आणलं, पण मकदूमच्या हातांना कंप सुटलेला, आणि लेकाला सुरी धरायचीच भीती. एक दिवस म्हातारा स्वतः जैनबीच्या दारात येऊन उभा राहिला. "भाभी," म्हणाला, "हात साथ देईना. याल का?"

जैनबी लगेच निघाली. मी आणि सासू मुद्दाम बरोबर गेलो, सोडतोय व्हय असा तमाशा! अंगणात पाहुणे जमले होते. जैनबीनं बोकडाला पाणी पाजलं, तोंड पश्चिमेला केलं. मग सुरी दोन्ही हातांवर धरून मकदूमपुढं केली आणि एकदम गंभीरपणे विचारलं, "मकदूमभाई, फुंकर मारता का?"

मकदूमची पांढरी दाढी हलायला लागली. मला वाटलं, चिडला. पण म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता.

"नको भाभी," तो म्हणाला. "तुमीच नाव घ्या. पण जोरात घ्या, मला आता कमी ऐकू येतं."

आणि तिनं असं घेतलं, की पलीकडच्या गल्लीतली कोंबडी फडफडून छपरावर चढली.